पीएमआय बंद करण्याचा खर्च, आणि तो बंद न करण्याचाही

अमेरिकेत पहिले घर घेताना किमतीच्या वीस टक्क्यांपेक्षा कमी रक्कम पदरची भरली असेल, तर कर्जाच्या मासिक विवरणात मुद्दल, व्याज, मालमत्ता कर आणि घराचा विमा यांच्या जोडीला पीएमआय नावाची आणखी एक ओळ दिसते. प्रायव्हेट मॉर्गेज इन्शुरन्स या शब्दांचे ते लघुरूप आहे. घराचा ताबा घेण्याच्या दिवशी शे-दीडशे कागदांवर सह्या करताना या ओळीकडे फारसे लक्ष जात नाही, आणि पुढे हप्ता खात्यातून आपोआप वळता होऊ लागला की ती नजरेआडच होते. ही रक्कम कायद्याने बंद करून घेता येते. मात्र मागितल्याशिवाय ती लवकर बंद होत नाही. बंद करून घेण्यासाठी काय खर्च येतो, तो कमीत कमी कसा ठेवता येतो आणि नुसते थांबून राहिल्यास किती पैसे जातात, हे नव्याने घर घेतलेल्या मराठी वाचकांसाठी येथे क्रमाने मांडले आहे.

हा विमा नेमका कोणाचा

पुण्यात किंवा ठाण्यात गृहकर्ज घेताना बँक जो विमा आग्रहाने गळ्यात घालते, तो बहुधा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो. कर्जदाराचे काही बरेवाईट झाले तर विमा कंपनी उरलेले कर्ज फेडते आणि घर कुटुंबाकडे राहते. पीएमआय तसा नाही, आणि हा गैरसमज आपल्या लोकांमध्ये बराच आढळतो. पीएमआयचे संरक्षण कर्ज देणाऱ्याला असते: हप्ते थकले, घर जप्त होऊन विकले गेले आणि विक्रीतून पूर्ण कर्ज वसूल झाले नाही, तर त्या तोट्याचा काही भाग विमा कंपनी बँकेला भरून देते. हप्ता आपण भरायचा आणि भरपाई बँकेला मिळायची, अशी ही व्यवस्था आहे. १९५७ साली मिलवॉकी शहरात स्थापन झालेल्या एमजीआयसी या कंपनीपासून या धंद्याचे आजचे रूप सुरू झाले. या विम्यामुळे कमी रोख रकमेत घर घेता येते, हा त्याचा खरा उपयोग आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. पण घरात आपला पुरेसा हिस्सा जमा झाल्यावर त्याची गरज संपते, आणि त्यानंतर भरलेला प्रत्येक डॉलर वाया जातो.

पीएमआयचा दर कर्जदाराच्या क्रेडिट स्कोअरवर आणि घराच्या किमतीच्या तुलनेत कर्ज किती आहे यावर ठरतो. फ्रेडी मॅक या संस्थेच्या अंदाजानुसार दर १ लाख डॉलर कर्जामागे महिन्याला साधारण ३० ते ७० डॉलर पडतात. पुढील सर्व हिशेबांसाठी एकच उदाहरण धरू: घराची किंमत ५ लाख डॉलर, पदरचे १० टक्के म्हणजे ५० हजार, कर्ज साडेचार लाख, व्याजदर साडेसहा टक्के, मुदत तीस वर्षे, आणि पीएमआय महिन्याला २२५ डॉलर, म्हणजे वर्षाला २,७०० डॉलर. मुद्दल आणि व्याजाचा मासिक हप्ता येथे सुमारे २,८४४ डॉलर येतो. पहिल्या हप्त्यातले सुमारे २,४३७ डॉलर व्याजातच जातात आणि मुद्दल केवळ चारशेच्या घरात कमी होते. पीएमआय इतकी वर्षे का चिकटून राहतो, याचे उत्तर या शेवटच्या आकड्यात आहे.

पहिली पायरी: कर्ज कोणत्या प्रकारचे आहे ते पाहणे

पुढे सांगितलेले नियम कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी विमा किंवा हमी नसलेल्या, कर्जांना, आणि त्यातही ज्यांचा पीएमआय कर्जदार दरमहा भरतो अशा कर्जांना लागू पडतात. म्हणून कोणताही अर्ज करण्यापूर्वी क्लोजिंग डिस्क्लोजर हा, घर घेताना मिळालेला कर्जाच्या अटींचा, कागद काढून कर्जाचा प्रकार तपासावा.

कर्ज एफएचएचे, म्हणजे फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी संस्थेच्या विम्याचे, असेल तर त्यावरील विम्याला एमआयपी म्हणतात आणि त्याचे नियम अगदी वेगळे आहेत. सुरुवातीला कर्जाच्या १.७५ टक्के आणि नंतर दरवर्षी ठराविक दराने तो घेतला जातो. ३ जून २०१३ पासून नोंदल्या गेलेल्या एफएचए कर्जांवर, पदरची रक्कम १० टक्क्यांपेक्षा कमी असल्यास हा विमा कर्ज संपेपर्यंत चालतो आणि १० टक्के किंवा अधिक असल्यास अकरा वर्षांनी थांबतो. घराची किंमत कितीही वाढली तरी नुसत्या अर्जाने तो बंद होत नाही. कन्व्हेन्शनल कर्ज घेऊन एफएचए कर्ज फेडणे, म्हणजे रिफायनान्स, एवढाच व्यवहार्य मार्ग उरतो.

दुसरा अपवाद अधिक फसवा आहे. काही कर्जांत ‘पीएमआय नाही’ असे सांगितले जाते, पण प्रत्यक्षात विमा बँकेने काढलेला असतो आणि त्याची भरपाई आपल्याकडून किंचित चढ्या व्याजदराने केली जाते. असा बँकेने भरलेला विमा कर्जदाराच्या मागणीवरून रद्द करता येत नाही, कारण वाढीव व्याजदर करारातच बांधलेला असतो. तिसऱ्या प्रकारात पूर्ण विमा हप्ता घर घेतानाच एकरकमी भरलेला असतो. तेथे दरमहा बंद करण्यासारखे काही उरत नाही, फक्त कराराप्रमाणे काही परतावा मिळतो का एवढे विचारून घ्यावे.

दुसरी पायरी: ८० आणि ७८ यांतला फरक समजून घेणे

होमओनर्स प्रोटेक्शन ॲक्ट या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांची सही २९ जुलै १९९८ रोजी झाली आणि बरोबर एक वर्षाने, २९ जुलै १९९९ पासून, तो लागू झाला. त्यानंतर घेतलेल्या, स्वतः राहण्याच्या एककुटुंबी घरावरील कर्जांना तो संरक्षण देतो. कायद्यातले महत्त्वाचे आकडे दोन आहेत आणि दोन्ही घराच्या मूळ मूल्यावर मोजले जातात. मूळ मूल्य म्हणजे खरेदीची किंमत आणि त्या वेळच्या अप्रेझलची, म्हणजे तज्ज्ञाने केलेल्या मूल्यांकनाची, किंमत यांपैकी जी कमी ती.

बाकी कर्ज मूळ मूल्याच्या ८० टक्क्यांवर आले की कर्जदार लेखी अर्ज करून पीएमआय बंद करण्याची मागणी करू शकतो. ७८ टक्क्यांवर येण्याची नियोजित तारीख उजाडली की, हप्ते थकलेले नसल्यास, तो आपोआप बंद करणे सर्व्हिसरवर, म्हणजे हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीवर, बंधनकारक आहे. हे दोन्ही घडले नाही तरी कर्जाच्या मुदतीचा मध्य गाठल्यावर, तीस वर्षांच्या कर्जात पंधरा वर्षांनी, हप्ते नियमित असल्यास विमा संपवावाच लागतो.

आपल्या उदाहरणात बाकी कर्ज ४ लाखांवर, म्हणजे ८० टक्क्यांवर, सुमारे ९५ व्या हप्त्याला येते आणि ३ लाख ९० हजारांवर सुमारे १०९ व्या हप्त्याला. मधले अंतर चौदा महिन्यांचे आहे. अर्ज न करता ‘आपोआप होईलच’ म्हणून बसून राहिलेला कर्जदार या चौदा महिन्यांत ३,१५० डॉलर जास्तीचे भरतो. एका पत्राच्या आळसाची ही किंमत आहे.

याहून महत्त्वाची बाब अशी की ७८ टक्क्यांची तारीख कर्ज घेताना दिलेल्या मूळ परतफेडीच्या तक्त्यावरूनच ठरते, प्रत्यक्ष बाकीवरून नव्हे. आपण दरमहा अधिकची रक्कम मुद्दलात भरून कर्ज झपाट्याने कमी केले, तरी आपोआप बंद होण्याची तारीख एक दिवसानेही अलीकडे सरकत नाही. ८० टक्क्यांवरील मागणीला मात्र प्रत्यक्ष बाकी चालते. त्यामुळे जो कर्जदार काटकसर करून जास्त भरतो त्याच्याच बाबतीत अर्ज न करणे सर्वांत महाग पडते. उदाहरणातील कर्जदाराने सुरुवातीपासून महिन्याला ३०० डॉलर जादा मुद्दल भरले, तर तो ८० टक्क्यांवर जवळपास आठ वर्षांऐवजी पाचच वर्षांत पोहोचतो. आणि त्याने अर्ज केला नाही तर पीएमआय तरीही नवव्या वर्षापर्यंत कापला जात राहतो, ज्याची बेरीज १० हजार डॉलरच्या वर जाते.

जादा रक्कम भरताना ती मुद्दलासाठीच आहे असे स्पष्ट नोंदवावे. आमच्या स्वतःच्या कर्जात पहिले काही महिने ही जादा रक्कम पुढच्या हप्त्याची आगाऊ भरणा म्हणून जमा होत होती आणि मुद्दल जागचे हलत नव्हते. विवरण ओळीओळीने वाचल्यावर ते लक्षात आले. बहुतेक सर्व्हिसरांच्या संकेतस्थळावर मुद्दलासाठी वेगळा रकाना असतो, तो वापरावा आणि पुढच्या महिन्याच्या विवरणात बाकी खरोखर उतरली आहे का ते पाहावे.

तिसरी पायरी: घराची किंमत वाढली असेल तर

वरील हिशेब मूळ मूल्याचा आहे. न्यू जर्सी, टेक्सास किंवा नॉर्थ कॅरोलायनातल्या ज्या वस्त्यांत आपले बरेच लोक घरे घेतात, तेथे काही वर्षांत किमती चांगल्याच वाढलेल्या असू शकतात, आणि तेव्हा आजच्या मूल्यावर आधारित मागणी करता येते. हा हक्क कायद्यातला नाही. तो कर्जाच्या मालकाच्या नियमांतून मिळतो. अमेरिकेतली बरीचशी कन्व्हेन्शनल कर्जे फॅनी मे किंवा फ्रेडी मॅक यांनी विकत घेतलेली असतात, हप्ता दुसऱ्याच कंपनीकडे जात असला तरी. आपले कर्ज कोणाचे आहे हे या दोन्ही संस्थांच्या संकेतस्थळांवर पत्ता टाकून मोफत पाहता येते, आणि हे पाहूनच पुढचे पाऊल टाकावे.

स्वतः राहण्याच्या एककुटुंबी घरासाठी त्यांचा सर्वसाधारण नियम असा आहे: कर्ज घेऊन दोन ते पाच वर्षे झाली असतील तर बाकी कर्ज आजच्या मूल्याच्या ७५ टक्के किंवा त्याहून कमी हवे, पाच वर्षे उलटली असतील तर ८० टक्के पुरतात. दोन वर्षांच्या आत सहसा मागणी करता येत नाही. मात्र घरात भरीव सुधारणा केली असल्यास अपवाद होतो. भरीव सुधारणा म्हणजे स्वयंपाकघर किंवा बाथरूम नव्याने करणे, खोली वाढवणे, अशी कामे. गळके छत दुरुस्त करणे किंवा रंग देणे ही देखभाल समजली जाते. घर भाड्याने दिलेले असेल, किंवा जर्सी सिटीत सर्रास दिसते तसे दोन-तीन बिऱ्हाडांचे असेल, तर अट आणखी कडक, ७० टक्क्यांची किंवा त्याहूनही खालची, असते.

आता उदाहरणाकडे येऊ, कारण येथे एक गोष्ट सहज निसटते. तीन वर्षांनी बाकी कर्ज सुमारे ४,३३,९०० डॉलर असते आणि ७५ टक्क्यांची अट पुरी होण्यासाठी घराचे मूल्य सुमारे ५,७८,५०० डॉलर यावे लागते, म्हणजे जवळपास १६ टक्के वाढ. पाच वर्षे पुरी झाल्यावर बाकी सुमारे ४,२१,२०० असते आणि ८० टक्क्यांच्या अटीला ५,२६,६०० डॉलरचे मूल्य पुरते, म्हणजे पाच टक्क्यांच्या किंचित वरची वाढ. पाच वर्षांची रेषा ओलांडल्यावर अट अशी एकदम सैल होते. त्यामुळे साडेचार वर्षे झाली असतील आणि मूल्य काठावर येईल अशी शंका असेल, तर अप्रेझलचे पैसे पणाला लावण्यापेक्षा सहा-सात महिने थांबणे मला शहाणपणाचे वाटते. मूल्य भरपूर वाढले असल्याची खात्री असेल तर मात्र दोन वर्षे होताच अर्ज करावा.

चौथी पायरी: प्रत्यक्ष खर्च किती

मूळ मूल्याच्या ८० टक्क्यांवर केलेल्या मागणीला बहुधा फार खर्च येत नाही. तरी घराचे मूल्य मूळ मूल्यापेक्षा खाली गेलेले नाही याचा पुरावा मागण्याचा अधिकार कर्जाच्या मालकाला आहे. तो कधी संगणकीय अंदाजावर भागतो, तर कधी पाहणी करावी लागते आणि तिचे पैसे कर्जदाराला द्यावे लागतात. आपोआप होणाऱ्या ७८ टक्क्यांच्या समाप्तीला असला पुरावा लागत नाही.

आजच्या मूल्यावर आधारित मागणीत मूल्यांकन अटळ असते. ते दोन प्रकारचे असते. परवानाधारक अप्रेझर घरात येऊन मोजमाप करतो, आसपास नुकत्याच विकल्या गेलेल्या तशाच घरांशी तुलना करतो आणि अहवाल देतो. साध्या एककुटुंबी घरासाठी याला साधारण चारशे ते सातशे डॉलर लागतात, आणि मोठ्या किंवा दूरच्या घराला अधिक. दुसरा प्रकार बीपीओचा, म्हणजे स्थानिक रिअल इस्टेट ब्रोकरने दिलेल्या किमतीच्या अभिप्रायाचा. तो बराच स्वस्त पडतो. यांपैकी कोणते चालेल हे निवडणे आपल्या हातात नसते. मूल्यांकन सर्व्हिसरनेच मागवावे लागते. त्यामुळे ओळखीच्या अप्रेझरकडून आधी अहवाल करून घेऊन तो अर्जासोबत पाठवणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. तो अहवाल स्वीकारला जात नाही आणि पैसे दोनदा जातात.

मूल्यांकनाचे शुल्क आधी भरावे लागते आणि निकाल विरुद्ध गेला तरी परत मिळत नाही. म्हणून खर्च निघतो की नाही हे पाहताना शुल्काला यशाच्या शक्यतेची जोड द्यावी लागते. सहाशे डॉलर शुल्क आणि २२५ डॉलर मासिक पीएमआय असेल तर अर्ज मान्य झाल्यावर तीन महिन्यांच्या आत पैसे वसूल होतात, त्यामुळे निम्मीअर्धी शक्यता असली तरी अर्ज करणे परवडते. शक्यता अजमावण्यासाठी गेल्या सहा महिन्यांत त्याच वस्तीत, तेवढ्याच क्षेत्रफळाची, तितक्याच शयनकक्षांची घरे कितीला गेली ते पाहावे. विक्रीसाठी मागितलेल्या किमती बघू नयेत, विकल्या गेलेल्या किमती बघाव्यात. संकेतस्थळांवर आपल्या घरासमोर दिसणारा आपोआप काढलेला आकडा मनाला सुखावणारा असतो, पण त्यावर विसंबून अर्ज करू नये.

मूल्य थोडक्यासाठी कमी पडले तर सगळे संपले असे नाही. तीन वर्षांनंतरच्या उदाहरणात ५,७८,५०० ऐवजी ५,७५,००० मूल्य आले, तर त्याचे ७५ टक्के ४,३१,२५० होतात आणि बाकी कर्ज त्याहून सुमारे २,६३० डॉलरने अधिक राहते. ही रक्कम मुद्दलात एकदम भरली की अट पुरी होते. वर्षाला २,७०० डॉलर वाचवण्यासाठी २,६३० डॉलर स्वतःच्याच कर्जात भरायचे, याइतका चांगला व्यवहार क्वचितच मिळतो. म्हणून मूल्यांकन मागवण्यापूर्वीच सर्व्हिसरला विचारून ठेवावे की निकालानंतर मुद्दल भरून तोच अहवाल चालेल का, आणि किती दिवसांपर्यंत चालेल.

येथे एक सावधगिरी मात्र हवी. मुद्दलात घातलेला पैसा घराच्या भिंतींत जातो आणि अडचणीच्या वेळी सहजी बाहेर काढता येत नाही. आपल्यापैकी जे एच-१बी व्हिसावर आहेत, त्यांना नोकरी गेल्यास नवी शोधण्यासाठी जास्तीत जास्त साठ दिवसांची सवलत मिळते. अशा कुटुंबाने चार-सहा महिन्यांच्या खर्चाची रोकड राखून उरलेल्या पैशांतूनच पीएमआयची रेषा गाठावी. २२५ डॉलर वाचवण्यासाठी गाठीचा पैसा मोकळा करू नये.

रिफायनान्स आणि रिकास्ट

पीएमआय घालवण्यासाठी रिफायनान्स करा, असे सांगणारी पत्रे टपालपेटीत नेहमी पडतात. रिफायनान्सला कर्जाच्या रकमेच्या साधारण दोन ते पाच टक्के खर्च येतो. ४ लाख २० हजारांच्या कर्जावर तीन टक्के धरले तरी १२,६०० डॉलर होतात, आणि महिन्याला २२५ वाचत असतील तर ते निघायला छप्पन्न महिने लागतात. तेवढ्या काळात पीएमआय अर्ज करूनही गेला असता. व्याजदरही लक्षणीय उतरत असेल, किंवा कर्ज एफएचएचे असेल, तरच हा मार्ग विचारात घ्यावा. चालू कर्जाचा दर आजच्या दरापेक्षा कमी असणाऱ्याने तर त्याकडे फिरकूही नये.

रिकास्ट वेगळा. मोठी रक्कम मुद्दलात भरून उरलेल्या मुदतीसाठी हप्ता नव्याने बांधून घेणे म्हणजे रिकास्ट. त्याला काहीशे डॉलर शुल्क लागते आणि व्याजदर तोच राहतो. त्याने हप्ता उतरतो, पण पीएमआय आपोआप जात नाही. त्यासाठीचा अर्ज स्वतंत्रपणे करावाच लागतो.

पाचवी पायरी: अर्ज

सर्व्हिसरला आधी फोन करून पुढील गोष्टी विचाराव्यात आणि उत्तर देणाऱ्याचे नाव, तारीख व वेळ टिपून ठेवावी: मागणी मूळ मूल्यावर चालेल की आजच्या, मूल्यांकन कोणत्या प्रकारचे आणि किती शुल्काचे, कोणती कागदपत्रे लागतील, अर्ज कोणत्या पत्त्यावर पाठवायचा. फोनवरील होकारावर मात्र विसंबू नये. कायद्याने मागणी लेखी असावी लागते.

पत्रात कर्ज क्रमांक, घराचा पत्ता, मूळ मूल्य, आजची बाकी आणि तिची टक्केवारी लिहावी, होमओनर्स प्रोटेक्शन ॲक्टनुसार पीएमआय रद्द करण्याची मागणी करत आहोत असे स्पष्ट म्हणावे, आणि आणखी काही पुरावा किंवा शुल्क हवे असल्यास ते लेखी कळवावे अशी विनंती करावी. सुधारणा केली असल्यास कामाची बिले, परवाने आणि छायाचित्रे जोडावीत. पत्र संकेतस्थळावर चढवावे आणि टपालानेही सर्टिफाइड मेलने, पोचपावतीसह पाठवावे. पोचपावतीचा खर्च काही डॉलर आहे, पण अर्ज कधी मिळाला याचा तोच पुरावा असतो.

अर्जाची छाननी करताना हप्त्यांचा इतिहास पाहिला जातो. गेल्या बारा महिन्यांत एकही हप्ता तीस दिवस किंवा अधिक उशिरा गेलेला नसावा आणि त्याआधीच्या बारा महिन्यांत साठ दिवस किंवा अधिक उशिरा गेलेला नसावा. भारतात सुट्टीवर गेलेले असताना बँकेचे खाते बदलल्यामुळे एखादा हप्ता चुकणे यासारखी किरकोळ वाटणारी गोष्टही येथे एक वर्ष मागे ढकलते. घरावर दुसरे कर्ज किंवा होम इक्विटी लाइन, म्हणजे घरातल्या आपल्या हिश्श्यावर मिळणारी उचल, असेल तर तीही अडथळा ठरू शकते, कारण घरातला आपला हिस्सा दुसऱ्या कोणाकडे तारण नाही असे प्रमाणित करून देण्याची अट घालता येते.

नकार आला किंवा उत्तरच आले नाही तर

अर्ज फेटाळल्यास कारणे लेखी द्यावी लागतात, आणि मूल्यांकनामुळे फेटाळला असेल तर त्याचा निकालही कळवावा लागतो. अहवाल मागवून वाचावा. क्षेत्रफळ चुकीचे धरले आहे, तळघरातली तयार खोली वगळली आहे किंवा तुलनेसाठी रेल्वेमार्गापलीकडची स्वस्त घरे घेतली आहेत, अशा ठोस चुका दाखवून फेरविचार मागता येतो. ‘किंमत कमी वाटते’ एवढ्याने काही होत नाही.

सर्व अटी पुऱ्या असूनही विमा कापला जात असेल तर सर्व्हिसरला नोटीस ऑफ एरर, म्हणजे चूक दाखवून देणारी लेखी तक्रार, पाठवावी. तिच्यासाठी वेगळा पत्ता असतो, तो विवरणावर किंवा संकेतस्थळावर सापडतो; हप्त्याच्या चेकसोबत पाठवलेली तक्रार तेथे पोहोचत नाही. अशा नोटिशीची पोच कामकाजाच्या पाच दिवसांत आणि उत्तर साधारणपणे कामकाजाच्या तीस दिवसांत द्यावे लागते. त्यानंतरही हालचाल झाली नाही तर कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्युरो या ग्राहकांच्या आर्थिक तक्रारी घेणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे आणि राज्याच्या बँकिंग विभागाकडे तक्रार करता येते. दोन्हीला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.

मान्यतेनंतर

मागणी मान्य होऊन अटी पुऱ्या झाल्यावर तीस दिवसांपलीकडे पीएमआय आकारता येत नाही, आणि आधीच घेतलेला पण न लागलेला हप्ता पंचेचाळीस दिवसांत परत करावा लागतो. ही रक्कम कधी चेकने येते, कधी खात्यात जमा होते; चेक जाहिरातीच्या पाकिटासारख्या दिसणाऱ्या लिफाफ्यात येऊ शकतो, म्हणून त्या काळात टपाल न उघडता टाकू नये.

कराच्या बाजूने पीएमआय चालू ठेवण्यात काही फायदा आहे का, असा प्रश्न हमखास येतो. पीएमआयची करवजावट २०२१ नंतर बंद झाली होती आणि २०२५ च्या कायद्याने ती २०२६ या करवर्षापासून पुन्हा दिली आहे. परंतु उत्पन्न १ लाख डॉलरच्या वर गेले की ती झपाट्याने घटते आणि १ लाख १० हजारांच्या आतच शून्य होते, शिवाय वजावटींची यादी स्वतंत्रपणे भरणाऱ्यालाच ती मिळते. नवरा-बायको दोघेही नोकरी करणाऱ्या बहुतेक मराठी घरांना तिचा उपयोग होणार नाही. ज्यांना होईल, त्यांनाही भरलेल्या प्रत्येक डॉलरचा लहानसा भागच परत मिळतो.

शेवटी, पुढच्या दोन विवरणांत पीएमआयची ओळ खरोखर नाहीशी झाली आहे आणि एकूण हप्ता तेवढ्याने उतरला आहे, हे पाहावे. हप्ता आपल्या बँकेच्या बिल-पेमधून ठराविक रकमेने जात असेल, तर तो आकडा स्वतः बदलावा लागतो. नाहीतर जुनीच रक्कम जात राहते आणि जादा पैसे कोठे जमा होत आहेत हे शोधण्यात आणखी एक दुपार जाते. तो आकडा मुद्दाम तसाच ठेवून वाचलेले २२५ डॉलर मुद्दलात वळवायचे असतील, तर तशी सूचना मात्र सर्व्हिसरला लेखी द्यावी.